वजन कमी, वसंत जास्त

दोन आसनांची, छप्पर मागे घडी होणारी हलकी गाडी आणि उपनगरातली फेब्रुवारी-मार्चची सकाळ एकमेकांना फार शोभतात. त्यामागचं विज्ञान, आपल्या भागातला वारसा आणि प्रत्यक्ष रस्त्यावरच्या वाटा यांचा हा आढावा.

फेब्रुवारी सरत आला की विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेची तबेबुयाची झाडं पानं गाळून गुलाबी फुलांनी भरून जातात. मुळात मध्य अमेरिकेतलं हे झाड आता घाटकोपर-मुलुंडकरांना घरचं वाटतं. त्याच सुमारास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काटेसावर आणि पांगारा लाल होतात. वसई ओलांडून पुढे गेलं की पळस दिसू लागतो. मार्चमध्ये वाडा-जव्हारच्या रस्त्याला मोहाचा गोडसर वास येतो. मुंबईचा वसंत असा रंगाने आणि वासाने येतो. काचा लावून एसी सुरू केलेल्या गाडीत त्यातला रंग तेवढा पोहोचतो, वास बाहेरच राहतो.

हा ऋतू पुरता अनुभवायचा तर छप्पर नसलेली गाडी हवी. आणि छप्पर नसलेल्या गाडीचा खरा आनंद हवा असेल तर ती हलकी हवी. यातल्या दुसऱ्या अटीकडे अनेकदा दुर्लक्ष होतं. उघडी गाडी म्हटलं की लोक प्रथम अश्वशक्ती विचारतात. खरं तर आधी वजन विचारायला हवं.

गोव्याची स्टॉर्म

याचं उत्तम उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. १९९८ मध्ये सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी आणली. कंपनी बंगळुरूच्या सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह या रेल्वेसाठी काम करणाऱ्या उद्योगाची, तर गाडी बनली गोव्यात. आराखडा फ्रान्समधला. व्हेंचुरी या फ्रेंच स्पोर्ट्स कारच्या जनकांपैकी एक असलेल्या जेरार गोदफ्रुआ यांच्या हातचा. बाहेरचं कवच फायबरग्लासचं. पुढे रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साधारण ६० अश्वशक्तीचं. पाच गिअर. वजन टनाच्या आत.

६० अश्वशक्ती हा आकडा आज किरकोळ वाटतो. पण १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या एमजी टीसीचं इंजिन १२५० सीसीचं आणि ५४ अश्वशक्तीचं होतं. त्या गाडीने अमेरिकेसारख्या मोठ्या मोटारींच्या देशाला छोट्या उघड्या गाडीची गोडी लावली. अर्ध्या शतकाच्या अंतराने बनलेल्या या दोन गाड्यांची कृती एकच होती: छोटं इंजिन, दोन माणसं, कमी वजन. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ च्या लोटस सेव्हनमध्ये हीच कृती टोकाला नेली. ती गाडी अर्ध्या टनाच्या आसपास होती. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली आणि पुढे दहा लाखांहून अधिक बनवून दाखवल्या.

स्टॉर्म फार संख्येने विकली गेली नाही. आपल्या बाजारात तेव्हा एक गाडी म्हणजे अख्ख्या कुटुंबाची गाडी होती आणि दोन आसनांसाठी पैसे मोजणारं घर विरळा होतं. तरीही त्या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. भारतात हलकी उघडी गाडी बनू शकते, हे तिने सिद्ध केलं.

कुर्ला, कांदिवली, जुहू

आपल्या उपनगरांना मोटारी नव्या नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. पद्मिनी ही मोटार तिथलीच. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि पुढे कांदिवलीचा कारखाना जीपसाठी ओळखला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीही होत.

ताडपत्रीचं छप्पर असलेली जीप आणि १९८५ ची मारुती जिप्सी या आपल्याकडच्या उघड्या गाड्या. त्या वळणासाठी जन्मलेल्या नव्हत्या, पण त्यांनी दोन पिढ्यांना वाऱ्याची चव दिली. जिप्सी तर टनाच्या आसपासच भरायची. कोकणात किंवा जव्हारला जिप्सीतून गेलेल्या माणसाला हलक्या उघड्या गाडीचं निम्मं मर्म आधीच ठाऊक असतं.

वजन उतरलं की काय होतं?

चालत्या गाडीतली ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ८०० किलोची गाडी आणि १६०० किलोची गाडी सारख्याच वेगाने जात असतील, तर हलकी थांबवताना ब्रेकला निम्मीच उष्णता पचवावी लागते. घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

दुसरी गोष्ट टायरची. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे प्रत्येक किलोमागे हलक्या गाडीला अधिक पकड मिळते. तिला रुंद टायर लागत नाहीत, कडक स्प्रिंग लागत नाहीत. स्टिअरिंगला मोटरची मदतही फारशी लागत नाही. मग रस्त्यावरची खडी, डांबराचा जोड, उतार हे सगळं थेट तळहाताला समजतं. चालवणारा आणि रस्ता यांच्यामधले पडदे कमी होतात.

तिसरी गोष्ट उपनगरवासीयांसाठी सर्वांत महत्त्वाची. हलक्या, बुटक्या, उघड्या गाडीत बसलेल्या माणसाचं आसन रस्त्यालगत असतं आणि वारा अंगावर येतो. त्यामुळे ताशी ६० किलोमीटरचा वेगही भरपूर वाटतो. दोन टनांच्या बंद गाडीत तोच अनुभव घ्यायला वेगमर्यादा मोडावी लागेल. आपल्या गर्दीच्या, गतिरोधकांच्या, स्पीड कॅमेऱ्यांच्या रस्त्यांवर नियमात राहून मनसोक्त चालवता येते ती हलकीच गाडी. एमजी सायबरस्टर ही विजेवरची उघडी दोन आसनी गाडी २०२५ मध्ये भारतात आली. देखणी आहे, ताकद प्रचंड आहे, पण वजन दोन टनांच्या घरात जातं. तिची सगळी ताकद वापरायला मुलुंड ते ठाणे या रस्त्यावर जागाच नाही.

छप्पर काढण्याची किंमत

आजच्या बहुतेक मोटारींत छप्पर हा सांगाड्याचाच भाग असतो. बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं हातात पिळता येतं, तसं छप्पर काढल्यावर गाडीचं होतं. खड्ड्यातून जाताना समोरची काच आणि स्टिअरिंगचा खांब थरथरतो. हे टाळायला कारखाने तळाशी पोलादाची भर घालतात आणि वजन वाढतं. मुळापासून उघडी म्हणून आखलेल्या गाडीत ताकद आधीच खालच्या चौकटीत दिलेली असते, म्हणून ती हलकी राहू शकते.

वाऱ्याचंही शास्त्र आहे. समोरच्या काचेवरून गेलेली हवा मागे खाली वळते आणि आसनांच्या मधून पुढे येते. म्हणून उघड्या गाडीत केस मागे न उडता तोंडावर येतात. बाजूच्या काचा वर ठेवल्या आणि आसनांमागे जाळीचा पडदा लावला की हा उलटा झोत बराच कमी होतो, गप्पाही ऐकू येतात.

कधी आणि कुठे

आपल्याकडे यासाठीचे आठवडे मोजके. जानेवारीच्या पहाटे थंड हवेचा थर खाली बसतो आणि धूर-धूळ त्याखाली अडकते. उघड्या गाडीत ती थेट श्वासात जाते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हवा थोडी मोकळी होऊ लागते. मार्चमध्ये समुद्राचा वारा उशिरा सुरू झाला आणि पूर्वेचा गरम वारा वाहिला की पारा झपाट्याने चढतो. म्हणून निघायचं ते उजाडण्याआधी आणि परतायचं ते दहाच्या आत. टोपी, गॉगल, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन हवंच. हवेच्या गुणवत्तेचा आकडा आदल्या रात्री पाहून ठेवावा.

अंधेरीकरांसाठी सर्वांत छोटी फेरी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने. डावीकडे पवई तलाव, पुढे विक्रोळी आणि तबेबुयाची रांग. रविवारी सहाच्या सुमारास हा रस्ता एरवी कधी नसतो इतका मोकळा असतो.

घाटकोपरहून पूर्व मुक्त मार्गाने शिवडी गाठावी आणि अटल सेतू घ्यावा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल बराचसा समुद्रावरून जातो. शिवडीच्या चिखलपट्ट्यांत या दिवसांत रोहित पक्षी असतात. पुलावर थांबायला मनाई आहे, ती पाळायलाच हवी. उघड्या गाडीत खाडीचा खारा वास न थांबताही येतो.

बोरिवलीहून दहिसर, वसई खाडीवरचा वर्सोवा पूल, शिरसाड फाटा आणि तिथून वज्रेश्वरी. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी जोडलेलं देवीचं मंदिर. वेळ असेल तर मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार. पळस आणि मोह पाहायचा तो तिकडेच.

मुलुंडहून ठाणे, कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज. कल्याणची गर्दी टाळायला पहाटेच निघावं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, त्यामुळे दहिसर-मुलुंडला पहाटेची रांगही सुटसुटीत झाली.

नियम आणि निगा

बंद गाडीचं छप्पर कापून ती उघडी करून देणारे भेटतात. हा मार्ग धोक्याचा आणि बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. सांगाडा कमजोर होतो ते वेगळंच. उघडी गाडी घ्यायची ती कारखान्यातूनच उघडी आलेली. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. सीट बेल्ट दोघांनीही लावायचा. डोक्यावर छत नसताना तर त्याला पर्यायच नाही.

पावसाळा ही खरी परीक्षा. कापडी हूड ओलं असताना कधीही घडी करू नये, बुरशी धरते. हुडाखालची पाणी वाहून नेणारी भोकं पानांनी बुजतात, ती जूनआधी साफ करावीत. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालचं पोलाद गंजतं. म्हणून दिवाळीच्या आधी गाडी वर उचलून तळ तपासून घ्यावा. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचं कव्हर टाळावं. हवा खेळणारं कापडी कव्हर बरं. कमी संख्येने बनलेल्या गाडीचं इंजिन सांभाळणारा मेकॅनिक सापडतो, समोरची काच आणि दिवे मात्र मिळवताना दमछाक होते. मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

पुन्हा एक का नको?

आज आपल्या देशात टनाच्या आतल्या हॅचबॅक मोठ्या संख्येने बनतात. मारुती स्विफ्टसारखी गाडी त्याच वजनात ८० च्या घरातली अश्वशक्ती देते. म्हणजे हलक्या उघड्या गाडीला लागणारं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकं हे सगळं इथेच तयार आहे, सुटे भागही गल्लीतल्या दुकानात मिळतात. १९९८ मध्ये इंजिनासाठी फ्रान्सकडे पाहावं लागलं, आता तेही कारण उरलेलं नाही. आता घरात दुसरी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे पर्याय ठेवले जातात ते दरवर्षी अधिक उंच आणि अधिक जड होत जाणाऱ्या गाड्यांचे. कमी इंधन पिणारी, पार्किंगची कमी जागा घेणारी, नियमातल्या वेगात आनंद देणारी दोन आसनी गाडी मुंबईच्या उपनगरांना अधिक शोभेल. एखाद्या भारतीय कंपनीने ती पुन्हा बनवायला हवी आणि आपण तिची किंमत अश्वशक्तीने न ठरवता वजनाने ठरवायला शिकलं पाहिजे.