‘२०२० मॉडेल’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात २०१३ची ह्युंदाई सांता फे स्पोर्ट निघाली की जाणकार आधी इंजिनाची कागदपत्रं मागतात. त्याच वर्षाची सांता फे पुण्या-मुंबईतही सापडते. पण अमेरिकेतल्या गाडीचं इंजिनाचं दुखणं तिला होऊच शकत नाही, कारण तिच्यात ते इंजिनच नाही. अमेरिकेतल्या त्या गाडीत ‘थीटा-२’ नावाचं पेट्रोल इंजिन होतं, तर भारतात ह्युंदाईने सांता फे विकली ती २.२ लिटरच्या डिझेल इंजिनासह.

थीटा-२चं दुखणं मोठं बोलकं आहे. क्रँकशाफ्टमध्ये तेल वाहण्यासाठी बारीक छिद्रं पाडलेली असतात. अमेरिकेतल्या कारखान्यात ती पाडताना निघालेले धातूचे कण पुरते साफ झाले नव्हते. तेलाच्या वाटेत ते अडकले की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पडतं. बेअरिंग झिजतं, इंजिन ठोके देऊ लागतं आणि एक दिवस चालत्या गाडीत बसतं. ह्युंदाईने २०१५मध्ये आधी सोनाटा ही सेडान परत बोलावली. २०१७मध्ये ह्युंदाई आणि कियाने मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत सांता फे स्पोर्ट, सोरेन्टो आणि स्पोर्टेज या एसयूव्ही होत्या. त्याच काळातली तीन रांगांची, व्ही-६ इंजिनाची सांता फे मात्र या यादीत नव्हती. नाव जवळपास तेच, वर्ष तेच, नशीब वेगळं.

त्यामुळे ‘अमुक साल घ्या, तमुक साल टाळा’ अशा तयार याद्या, त्यातही परदेशी याद्या, मला फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत. बिघाड वर्षामुळे होत नाही. तो होतो एखाद्या भागामुळे, तो घडवण्याच्या पद्धतीमुळे किंवा गाडीच्या वापरामुळे. साल ही फक्त वरची चिठ्ठी, आणि ती बऱ्याचदा चुकीच्या जागी चिकटवलेली असते.

आपल्याकडचं २०२० हे साल घ्या. १ एप्रिल २०२०पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले. त्यामुळे त्या जानेवारीत पासिंग झालेली मारुतीची ब्रेझा डिझेलचीच असणार. त्याच दिवाळीला शोरूममधून निघालेली ब्रेझा मात्र पेट्रोलचीच, कारण मारुतीने तोवर डिझेल इंजिनं बंद केली होती. जाहिरातीत दोन्हींसमोर ‘२०२० मॉडेल’च लिहिलेलं असतं. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओचं २०१४ साल असंच दुभंगलेलं आहे. सप्टेंबरात नवी स्कॉर्पिओ आली तेव्हा केवळ तोंडवळा बदलला नव्हता, खालची चॅसीही नवी होती. एजंट ‘चौदाची आहे साहेब’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न महिन्याचा हवा. आणि महिना पासिंगचा नव्हे, उत्पादनाचा. तो आरसीवर छापलेला असतो. डिसेंबरात कारखान्यातून निघालेली आणि जानेवारीत पासिंग झालेली गाडी बाजारात एक वर्षाने तरुण ठरते, एवढंच.

बीएस-६मुळे डिझेल एसयूव्हीत जे बदललं ते जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण जुन्या बाजारात आज त्यावरूनच सर्वाधिक गफलत होते. बीएस-४मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडायची मुभा होती. बीएस-६मध्ये ती साडेचारवर आली. एवढी काजळी अडवायला धुराच्या वाटेत गाळणी बसवावी लागते. ‘डीपीएफ’ ती हीच. आत सिरॅमिकच्या हजारो अरुंद नळ्या असतात, एक पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी अलीकडे राहते. साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. हायवेवर धूर तापलेला असल्याने हे काम बरंचसं सोपं होतं. शहरात धूर थंड राहतो, म्हणून इंजिन मुद्दाम थोडं जादा डिझेल उशिरा फवारतं आणि त्या उष्णतेने गाळणी तापवतं. या कामाला काही मिनिटं सलग चालणं लागतं. मालकाने मध्येच चावी फिरवून गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं, काजळी तशीच राहते, आणि न जळलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. हे रोज घडत गेलं की डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. नवख्या माणसाला त्यात आनंद वाटतो, मेकॅनिकला घाम फुटतो.

आता दोन बीएस-६ डिझेल गाड्यांची तुलना करा, एकाच महिन्यात बनलेल्या. एक नाशिक-मुंबई करत ९० हजार किलोमीटर पळालेली, दुसरी डॉक्टरांची, घर ते दवाखाना एवढीच, २५ हजारांवर. बाजार दुसरीला जास्त भाव देतो. सर्व्हिसच्या नोंदी चोख असतील तर मी पहिली घेईन.

मग सर्वेक्षणांचं काय? ती निरुपयोगी नाहीत, पण वाचायची रीत असते. आज केलेल्या पाहणीत २०१२ची गाडी २०१८पेक्षा वाईटच दिसणार, कारण ती सहा वर्षांनी म्हातारी आहे. तुलना समान वयाची हवी. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं झालेल्या गाड्यांच्या दर १०० गाड्यांमागच्या तक्रारी मोजते. वयाचा प्रश्न त्यातून सुटतो. मात्र त्या मोजणीत फोन न जुळणं हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणं हीही एकच. जुनी गाडी घेणाऱ्याला या दोन्हींचं वजन सारखं कसं असेल?

लहान आकडे तर भलतेच फसवे. समजा, २०१५च्या ५० मालकांपैकी ४ जणांनी क्लचची तक्रार केली आणि २०१६च्या ५० पैकी ७ जणांनी. १६ साल वाईट ठरवून आपण मोकळे होतो. पण अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ४ आणि ७ मधला फरक ३चा, आणि अशा फरकात योगायोगाची चढउतारच (दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ) सुमारे ३.३. म्हणजे दोन्ही वर्षांच्या गाड्या हुबेहूब सारख्या असूनही हे आकडे सहज येऊ शकतात. ओळखीतल्या तीन जणांच्या अनुभवावरून एखादं साल बाद करणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

आणखी एक समज खोलवर रुजलेला आहे. यंत्र सुरुवातीला कुरकुरतं, मग बरीच वर्षं गुण्यागोविंदाने चालतं, शेवटी झिजून बिघडत जातं. पाठ्यपुस्तकांत या आलेखाला आंघोळीच्या टबाचा आकार म्हणतात. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात विमानांचे भाग तपासले, तेव्हा हा आकार जेमतेम ४ टक्के भागांना लागू पडला. ६८ टक्के भाग सुरुवातीला जास्त बिघडत आणि नंतर वय वाढलं तरी बिघाडाचं प्रमाण जवळपास स्थिर राहत असे. मोटारीत झिजणारे भाग विमानापेक्षा बरेच बिनदेखरेख चालतात, त्यामुळे ही टक्केवारी जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण अख्ख्या गाडीला एकच वय नसतं, हे त्यातून नीट कळतं. रबरी बुश आणि होस पाइप उन्हाने आणि कॅलेंडरने म्हातारे होतात, गाडी उभी असली तरी. क्लच घाटातल्या हाफ-क्लचने जातो. टायमिंग चेनचं आयुष्य ऑइल वेळेवर बदललं की नाही यावर ठरतं.

एअरबॅगचं वय तर हवामान ठरवतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या होत्या. वर्षानुवर्षं दमट हवा आणि दिवसरात्रीचे तापमानबदल सोसून त्या गोळ्या भुसभुशीत होतात. अपघातात त्या ठरलेल्यापेक्षा फार वेगाने जळतात आणि धातूचं कवच फुटून तुकडे चालकावर येतात. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यांतल्या गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम मिळाला. भारतात होंडाने परत बोलावलेल्या गाड्यांत जुनी सीआर-व्हीही होती. तिच्या बाबतीत गाडी कोणत्या सालची याइतकंच ती रत्नागिरीत राहिली की सोलापुरात, हेही महत्त्वाचं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबर दिला तर रिकॉलचं काम झालंय का ते कळतं. काम झालेलं असेल तर ‘बदनाम’ सालची गाडी उलट चांगला सौदा ठरू शकते, कारण भाव सालाच्या नावाने पडलेला असतो आणि भाग मात्र नवा असतो.

नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्या टाळाव्यात, हा जुना सल्ला मला आजही पटतो. कंपन्या पहिल्या तक्रारी आल्यावर गाजावाजा न करता भाग बदलत राहतात. सर्व्हिसच्या नोंदीत तोच भाग वॉरंटीत दोनदा बदललेला दिसला तर समजावं, की गाडी त्या धांदलीतली आहे.

कोणतंच साल जे सांगत नाही ते म्हणजे पुराचं पाणी. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या सगळ्याच सालांच्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिच्याखाली आणि सीटच्या रुळांवर गाळ किंवा गंज आहे का ते बघावं.

बाकी, ठाण्यात रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडण्यासाठी कोणी जुनी एसयूव्ही शोधत असेल, तर माझं मत सरळ पेट्रोलला, साल कुठलंही असो. डिझेलच हवी असेल तर डीपीएफ नसलेली बीएस-४ची.