पुन्हा स्टेथोस्कोप हाती घेताना

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांना, विधवांनाही, शिक्षणाबरोबर परिचारिकेचे प्रशिक्षण मिळे. शिवाय वसतिगृहाची सोय होती. खरे बळ त्या सोयीत होते.

आमच्या सदलगा परिसरात मुलाबाळांसाठी दवाखाना सोडलेल्या डॉक्टर भगिनी ‘आता कसे जमणार?’ असे विचारतात. २०१० साली थांबलेल्या भगिनीला लसीकरणाचा तक्ता अनोळखी वाटेल, हे खरे. पेंटाव्हॅलंट लस आली. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीतून दुसरा प्रकार वगळला गेला. एवढे काही आठवड्यांत आत्मसात होते. रडणारे मूल शांत करण्याची हातोटी तर घरीच मुरलेली! अडते ते वेळेपाशी. आपल्या दवाखान्यात सकाळचे तीन तास तिला कोण देईल?