जुनं वादळ, नवी डिस्क: ४केवर पैसे घालण्याआधी

मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेलो की ‘ट्विस्टर’ची ४के डिस्क मागवली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: ‘दादा, पिक्चर १९९६चा. तेव्हा ४के होतं तरी का? मग डिस्कमध्ये ते आलं कुठून?’

प्रश्न रास्त आहे. टपाल आणि कस्टम धरून ती डिस्क मला तीन हजारांच्या पुढे पडली. एवढे पैसे एका जुन्या पिक्चरवर घालायचे, तर आत खरंच काही आहे की नुसतंच नवं कव्हर आहे, हे कळायला हवं.

तर ऐका. १९९६ला ४के टीव्ही नव्हते, पण पिक्चर फिल्मवर शूट व्हायचे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर पिक्सेल नसतात, चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. नीट जपलेल्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीवर किंवा साध्या ब्लू-रेवर कधी दिसलाच नाही इतका तपशील असतो. आज ती निगेटिव्ह चांगल्या स्कॅनरमधून काढली की तो बाहेर येतो. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही जुन्या फिल्म अशाच ४केमध्ये स्कॅन होतात. (कुणी ‘द बर्निंग ट्रेन’ची अशी डिस्क आणली, तर रांगेत पहिला मी.)

आता गंमत बघा. रोलंड एमेरिकचा ‘२०१२’ हा २००९चा पिक्चर. जगबुडी, लॉस एंजेलिस समुद्रात, सगळं काही. पण तो डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झाला, पॅनाव्हिजन जेनेसिसवर, आणि तो कॅमेरा फुल एचडीचा, म्हणजे फ्रेममागे साधारण २१ लाख पिक्सेलचा. ४के टीव्हीला लागतात ८३ लाख. उरलेले कुठून येणार? कॉम्प्युटर अंदाजाने भरतो, यालाच अपस्केलिंग म्हणतात. डिस्कवर रंग आणि उजेड सुधारतो, हे मान्य. पण जे कॅमेऱ्यात आलंच नाही, ते डिस्कवर कसं येईल? म्हणजे तेरा वर्षांनी जुन्या ‘ट्विस्टर’मध्ये नव्या ‘२०१२’पेक्षा जास्त खरा तपशील असू शकतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझी अर्धी विश लिस्ट पुसून टाकली.

डिझास्टर मूव्हीत अजून एक भानगड असते, ती म्हणजे इफेक्ट्सची. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं साधारण २केमध्येच तयार व्हायची, त्यामुळे नट फिल्मवर खणखणीत दिसतात आणि मागचं कॉम्प्युटरचं वादळ जरा मऊ दिसतं. ‘टायटॅनिक’मध्ये जहाजाच्या डेकवर फिरणारी कॉम्प्युटरची माणसं ४केमध्ये लगेच ओळखू येतात. पण जिथे खरं काही बांधून उडवलंय, तिथे काय मजा येते! ‘इंडिपेन्डन्स डे’मधलं व्हाइट हाऊस हे मॉडेल होतं आणि ते खरोखर उडवलं होतं. त्याच्या ठिकऱ्या मोजत बसावं असं वाटतं. ‘टायटॅनिक’साठी मेक्सिकोत समुद्रकाठी जहाजाचा प्रचंड सेट उभारला होता. त्यातला रिव्हेट न् रिव्हेट बघायला ही डिस्क घ्यावी, असं माझं मत.

पिक्सेलएवढाच मोठा फरक एचडीआरचा आहे. ‘ट्विस्टर’चंच बघा. शूटिंगच्या वेळी ऊन होतं आणि आभाळ तर वादळी दिसायला हवं. मग नटांवर प्रचंड झगझगीत दिवे मारले आणि एक्सपोजर खाली आणलं, म्हणजे मागचं आकाश आपोआप काळवंडलं. त्या दिव्यांनी हेलन हंट आणि बिल पॅक्स्टन दोघांच्याही डोळ्यांना त्रास झाला होता. इतकी किंमत देऊन मिळवलेलं ते काळंनिळं आकाश जुन्या डीव्हीडीत नुसता राखाडी ठिपका व्हायचं. एचडीआरमध्ये ढगात ढग दिसतो.

‘पण हे सगळं ओटीटीवर ४केमध्ये मिळतंच की!’ मिळतं. पण नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं नेट असावं असं सांगतं, आणि डिस्कवरचा पिक्चर ५० ते ८० मेगाबिटपर्यंत सहज जातो. धूळ, पाऊस, धूर, राख म्हणजे डिझास्टर मूव्हीचं सगळं भांडवल, आणि कमी डेटात नेमकं तेच चिखलासारखं लिबलिबीत होतं. ६६ जीबीची एक डिस्क म्हणजे रोज दीड जीबीवाल्या रिचार्जचे ४४ दिवस! आवाजही डिस्कवर न कापता येतो. ‘ट्विस्टर’च्या वावटळीत उंटाचं कण्हणं संथ करून मिसळलंय, ते चांगल्या स्पीकरवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, प्लीज.

मग फसायला कुठे होतं? रीमास्टरमध्ये. फिल्मचे कण म्हणजे घाण, असं समजून काही वेळा ते सॉफ्टवेअरने घासून काढतात. कणांबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात आणि माणसं मेणाची दिसतात. २०२४मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या ४के डिस्कवरून याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. म्हणून मी हल्ली आधी दोन गोष्टी शोधतो: पिक्चर कशावर शूट झाला, आणि नवं स्कॅन मूळ निगेटिव्हवरून आहे का. मग डिस्कचे स्क्रीनशॉट बघतो. चेहऱ्यावर बारीक कण दिसले की मी खूश.

आता यंत्राचं. साधा ब्लू-रे प्लेअर ही डिस्क वाचत नाही. पीएस४ प्रोसुद्धा नाही, नावात ‘प्रो’ असलं तरी. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ चालतो, फक्त त्यावर डॉल्बी व्हिजन मिळत नाही, एचडीआर१० मिळतं. माझंही त्यावरच भागतं. ४के डिस्कला रीजन कोड नसतो, त्यामुळे अमेरिकेची किंवा इंग्लंडची डिस्क इथे बिनदिक्कत चालते. पण त्याच डब्यात मिळणाऱ्या साध्या ब्लू-रेला रीजन असू शकतो, आणि एक्स्ट्रा व्हिडिओ बऱ्याचदा त्याच डिस्कवर असतात. आणि हो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो एचडीएमआय पोर्ट एचडीआरसाठी चालू केलाय का, ते बघा. मी पहिले चार दिवस ‘ट्विस्टर’ फिकाच बघत होतो.