काचपेटीतील झिंग्यांचा मृत्यू : कारणमीमांसेची एक दिशा

भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा तलावप्रदेश झिंग्यांना मानवतो. सौंदड हे गाव याच प्रदेशात मोडते. येथील तलाव-बोड्यांतील झिंगा पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात आटत आलेल्या पाण्यातही काही काळ तग धरतो. परंतु हेच झिंगे कोणी हौसेने घरी आणून स्वच्छ काचपेटीत, गाळलेल्या पाण्यात सोडले, तर पुष्कळदा ते थोड्याच दिवसांत एकामागून एक मरू लागतात. शहरातील दुकानातून आणलेल्या, मूळच्या पूर्व आशियातील नियोकॅरिडिना या तांबड्या झिंग्यांचीही तीच गत होते. ‘पाणी लागले नाही’ असे म्हणून पाळणारा पाणी बदलतो, पेटी घासून काढतो, औषध घालतो. आणि उरलेले झिंगे त्या उपचाराने मरतात.

अशा मृत्यूंचे कारण शोधताना पाण्याच्या स्वच्छतेपेक्षा मृत्यूच्या वेळेकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. झिंगे पेटीत सोडल्यापासून किती काळाने मेले, दिवसाच्या कोणत्या प्रहरी मेले, एकदम मेले की एकेक करून, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की संभाव्य कारणांची संख्या फार कमी होते.

तत्पूर्वी झिंगा खरोखर मेला आहे काय, हे पाहिले पाहिजे. झिंगा वाढीसाठी वारंवार कात टाकतो आणि ते पोकळ, पारदर्शक कवच तळाशी पडलेले पाहून अनेकांची फसगत होते. मृत झिंग्याचे शरीर अपारदर्शक व पुढे गुलाबीसर होते. कवचातील नारिंगी रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनाशी बद्ध असते. प्रथिन विघटित झाले की तो रंग उघडा पडतो. शिजवलेला झिंगा तांबडा होतो तो याच कारणाने.

सोडल्यापासून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बहुतेक सर्व झिंगे मेले, तर विष किंवा आकस्मिक बदल यांचा संशय घ्यावा. तलावात साठलेल्या पावसाच्या पाण्यात विद्राव्य क्षार बहुधा कमी असतात; विहिरीच्या वा विंधनविहिरीच्या पाण्यात ते अधिक असतात. शरीरातील क्षारांचा तोल राखणाऱ्या या प्राण्याला एका पाण्यातून दुसऱ्यात एकदम टाकले, तर तो तोल सावरण्यास त्याला अवधी मिळत नाही. पाणी थेंबथेंब मिसळीत तास-दोन तासांनी स्थलांतर करणे हा यावरचा साधा उपाय. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हे दुसरे कारण. ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्याने किंवा त्यात किंचित हायपो घातल्याने ते निघून जाते.

तिसरे कारण मात्र घरोघरचे असूनही क्वचितच ध्यानात येते. ते म्हणजे पाण्याचे भांडे. विदर्भात पिण्याचे पाणी तांब्याच्या गुंडात भरून ठेवण्याची चाल आहे आणि ती आरोग्याच्या दृष्टीने वाईट नाही. बंगळूर येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशा भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. त्या पाण्यात उतरलेले तांबे लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने माणसासाठी घातलेली मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. झिंग्यांचा हिशेब मात्र निराळा. कवचधारी प्राण्यांच्या अनेक जातींना एका मिलिग्रॅमचे काही दशांश एवढे तांबेही चार दिवसांत मारक ठरते. पाणी मृदू असेल तर त्याहूनही कमी पुरते. यातील विरोधाभास असा की, झिंग्याचे रक्त तांब्यावाचून चालत नाही. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य लोहाऐवजी ताम्रयुक्त असते. पण अन्नातून मिळणारे, प्रथिनात बांधलेले तांबे वेगळे आणि कल्ल्यांवर येऊन बसणारा ताम्र-आयन वेगळा. हा आयन कल्ल्यांतील क्षारनियमनाची क्रियाच बंद पाडतो. माशांच्या रोगांवरील काही औषधांत आणि शेवाळनाशकांत मोरचूद असते, म्हणून मासे वाचविणारी बाटली झिंग्यांचा घात करते.

कीटकनाशकांचेही असेच आहे. झिंगा हा कीटकांचा दूरचा नातलग असल्याने कीटकांसाठी बनविलेले विष त्याला ओळखीत चुकत नाही. पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये काही कवचधारी प्राण्यांना लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाणातही मारतात. डास पळविणाऱ्या वड्यांत व द्रवांत हीच द्रव्ये असतात आणि पेटीचा हवापंप खोलीतील हवा शोषून थेट पाण्यात सोडतो.

पहिला आठवडा बरा जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून एकेक झिंगा मरू लागला, तर अमोनियाकडे वळावे. झिंग्यांचे उत्सर्जन आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया निर्माण होतो. जुन्या बोडीच्या गाळावर व पाणवनस्पतींवर वसलेले सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास अशा जंतूंचे पृथक्करण केले होते. नव्या, घासून लख्ख केलेल्या पेटीत हे जंतू नसतात; त्यांची वसाहत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग मुक्त व विषारी असतो. सामू ८ ला तो सुमारे ५ टक्के, तर ९ ला ३६ टक्के होतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पेटीत दुपारी सामू चढतो, म्हणून सकाळी निरुपद्रवी असलेले पाणी तिसऱ्या प्रहरी मारक ठरू शकते.

पहाटेचे मृत्यू बहुधा प्राणवायूच्या अभावाचे. ते उन्हाळ्यात अधिक होतात. पाण्यात २० अंशांस लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस ७.६, आणि रात्री वनस्पतीही तोच वापरतात.

उरतात ते कात टाकतेवेळचे मृत्यू. जुने कवच मानेपाशी फाटून अर्धवट अडकलेला झिंगा सापडला, तर पाण्यातील चुन्याची न्यूनता किंवा नुकताच केलेला मोठा पाणीबदल यांचा विचार करावा. मॅक्रोब्रॅकियम या वंशाच्या झिंग्यांत आणखी एक शक्यता असते. मऊ अंगाच्या सोबत्याला इतर झिंगे खाऊन टाकतात. लपण्यास खापरांचे तुकडे वा मुळांचे जाळे दिले की हे बरेच टळते.

यावरून एका कारणाचा उपाय दुसऱ्या कारणाला खतपाणी कसा घालतो, हे ध्यानात येईल. अमोनियासाठी सगळे पाणी बदलले तर कात बिघडते. पेटी धुतली तर जंतू जातात. म्हणून संशय आलेल्या पाण्यात उरलेले सर्व झिंगे पणाला लावू नयेत. काचेच्या दोन बरण्या घेऊन एकीत ते पाणी व दुसरीत मूळ बोडीचे पाणी भरावे, प्रत्येकीत दोन-दोन झिंगे ठेवावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वहीत तारीख, वेळ व पाण्याचे तापमान नोंदवावे. एवढ्या थोड्या झिंग्यांवरून निर्णय होत नाही; पण पुढे काय तपासावे, हे कळते.

हीच वही बोडीच्या काठीही उपयोगी पडते. तलावावर निर्वाह असलेल्या ढीवर कुटुंबाच्या दृष्टीने झिंग्यांची मर हे उत्पन्नाचे नुकसान होय. झिंगे पहाटे काठाशी गोळा होऊन वर येऊ लागले, तर प्राणवायू कमी पडला आहे. धानाच्या बांध्यांवर फवारणी झाल्यानंतर जोराचा पाऊस आला आणि त्याच दिवशी भर दुपारी ते मेलेले दिसले, तर पाण्याचा नमुना तासाभरात, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घ्यावा आणि तपासणीस जाईपर्यंत गारव्यात, अंधारात ठेवावा. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात विषाचा मागमूस राहीलच असे नाही.