साओ पाउलोला पहिल्यांदा जाताना : आधी लस, मग तिकीट

आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली आता शिक्षणासाठी, परिषदांसाठी, जहाजावरच्या नोकरीसाठी लांब लांब जातात. ब्राझीलमधलं साओ पाउलो हे त्यातलंच एक ठिकाण. शहराची लोकसंख्या 1 कोटीच्या वर आहे आणि सांतोस हे मोठं बंदर तिथून जवळच आहे. घरातून कुणी पहिल्यांदाच तिकडे निघालं की सगळी धावपळ व्हिसा आणि तिकिटाची होते. तब्येतीची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. तसं करू नका, कारण एका लसीला दिवस मोजून द्यावे लागतात.

ही लस पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. हा आजार डासांमुळे पसरतो आणि त्यावर नेमकं औषध नाही. 2017-18 मध्ये साओ पाउलो शहराच्या कडेच्या जंगलात या आजाराने माकडं मेली, तेव्हा तिथली उद्यानं बंद करून लोकांना लस द्यावी लागली होती. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवू शकणारा एडिस डास मात्र आपल्या पिंपात, कुंडीत, टायरात भरपूर आहे. एक रुग्ण आला तरी धोका. म्हणून ब्राझीलहून परतणाऱ्याकडे आपलं सरकार विमानतळावर लसीचं पिवळं प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पगार बुडतो, घरचे काळजीत पडतात, ते वेगळंच.

लस घेतल्यापासून 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. म्हणून निघण्याआधी किमान महिनाभर कामाला लागा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांकडे चौकशी करा. जाताना पासपोर्ट न्या. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते, त्यामुळे प्रमाणपत्र जपून ठेवा. 'लस न टोचता कागद देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. पैसे जातील आणि अंगात संरक्षणही नसेल.

ही जिवंत जंतूंची लस आहे, सगळ्यांना चालत नाही. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, अंगावर पिणारं लहान बाळ, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा वय 60 च्या पुढे, यातलं काही असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजून लपवू नका.

आता सिकलसेलबद्दल. विदर्भात आपल्या कितीतरी घरांत हा आजार आहे. विमानात हवेचा दाब कमी असतो, हवा कोरडी असते, त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याचा झटका येऊ शकतो. प्रवास लांबचा आहे आणि विमान बदलावं लागतं. म्हणून पाणी घोट घोट पीत राहा, तासा-दोन तासांनी उठून चाला, दारू टाळा, अंगावर गरम कपडा ठेवा. रोजच्या गोळ्या आणि रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. साओ पाउलो समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटरवर आहे, तेवढ्या उंचीचा त्रास होत नाही. पण तिथून पुढे बोलिव्हियातल्या ला पाझला जायचा बेत असेल, तर ते शहर 3,600 मीटरच्या आसपास आहे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये.

ब्राझीलमध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांत सिकलसेल बराच आहे. तिथे नवजात बाळाच्या टाचेचं रक्त घेऊन त्याची सरकारी तपासणी होते. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना हा आजार ओळखीचा आहे. 'अनेमिया फाल्सिफोर्मी' हे त्याचं पोर्तुगीज नाव कागदावर लिहून खिशात ठेवा. तापाला 'फेब्री' आणि दुखण्याला 'दोर' म्हणतात, एवढे शब्दही कामाला येतात. इंग्रजी सगळीकडे समजत नाही.

1988 च्या राज्यघटनेने ब्राझीलमध्ये आरोग्य हा सगळ्यांचा हक्क मानला. त्यातून 'सूस' ही मोफत सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली. तातडीच्या वेळी परदेशी माणसालाही तिथे उपचार मिळतात. ॲम्ब्युलन्सचा नंबर 192, पोलिसांचा 190. 'उपा' अशी पाटी असलेलं केंद्र 24 तास उघडं असतं. तरीही प्रवास विमा काढाच, कारण सरकारी दवाखान्यात गर्दी असते. औषधाच्या खोक्यावर पिवळ्या पट्ट्यात मोठं 'जी' अक्षर दिसलं तर ते जेनेरिक, म्हणजे स्वस्त औषध. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट न्या.

तिथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते मार्च उन्हाळा आणि पाऊस, जून ते ऑगस्ट थंडी. पावसाळी दिवसांत डेंग्यू वाढतो. 2024 मध्ये ब्राझीलभर डेंग्यूचे 60 लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. एडिस दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डास पळवणारं मलम लावा. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

जेवणाची फार चिंता नको. भात आणि घेवड्याची उसळ हे तिथलं रोजचं जेवण आहे.

घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : 'मी ब्राझीलहून आलोय.' तेवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते, आणि आपल्या वस्तीतले डास कुणाला चावण्याआधीच आजार पकडता येतो.