सहजीवनापूर्वीचे श्रवण

विवाहेच्छू तरुणास मिळणारा उपदेश बहुधा वेतन, वेष आणि वक्तृत्व यांविषयीचा असतो. परंतु ज्याला क्षणिक आकर्षण नव्हे, तर दीर्घ सहजीवन अभिप्रेत आहे, त्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणांची दखल अवश्य घ्यावी. नवविवाहित जोडप्यांचे साधे संभाषण नोंदवून सहा वर्षांनी त्यांची हकीकत पुन्हा तपासली असता गॉटमन यांना आढळले की, ज्यांचा संसार टिकला ते जोडीदाराच्या लहानसहान हाकेला शंभरांपैकी सुमारे ८६ वेळा प्रतिसाद देत असत, आणि ज्यांचा मोडला ते अवघे ३३ वेळा. हाक म्हणजे तरी काय? ‘पाऊस येईलसं वाटतं’ एवढेच पत्नीचे सहज उद्गारणे. त्यावर वर्तमानपत्रातून मान वर करून खिडकीकडे पाहणे, हाच प्रतिसाद.

म्हणूनच कांदेपोह्यांच्या बैठकीत असो वा उपाहारगृहातील पहिल्या भेटीत, स्वतःच्या पगाराचा दाखला सादर करण्याची घाई न करता, समोरच्या तरुणीची नोकरी, तिच्यावरील आईवडिलांची जबाबदारी, अपत्याविषयीची तिची इच्छा यांबद्दल आस्थेने विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. नकार आला तर फेरविचाराची याचना न करता तो कबूल करावा, कारण तो तिचा अधिकारच आहे. घरकामाची वाटणीही, माझ्या मते, लग्नाची तारीख मुक्रर होण्यापूर्वीच स्पष्ट बोलावी, आणि ज्याला वरणभाताचा कुकर लावता येत नाही, त्याने तो तत्पूर्वी शिकून घ्यावा.