ऑफर लेटर आलं, फेरफार बाकी आहे

समजा, वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरची एक मुलगी आहे. अमरावती विद्यापीठाची कॉम्प्युटरची बी.ई., मग शैक्षणिक कर्ज काढून टेक्सासात एम.एस. ऑगस्टमध्ये गेली आणि मार्चअखेर तिच्या हाती उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचं ऑफर लेटर पडलं. डॅलसमध्ये सकाळचे अकरा, शिरपुरात रात्रीचे साडेनऊ. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो सुरू झाले आणि तेवढ्यात पोरीचा मेसेज आला, ‘अजून परवानगी बाकी आहे.’ वडील विचारणारच, “देणारा राजी हाय, पोरगी राजी हाय, मंग मधात हे परवानगीचं कायले?”

आपल्याकडच्या माणसाला याचं उत्तर सातबाऱ्यावरून चटकन कळतं. शेताचं खरेदीखत झालं, पैसे दिले, रजिस्टर कचेरीत सह्या झाल्या, तरी सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. फेरफाराची नोंद व्हावी लागते, ती मंजूर व्हावी लागते. ऑफर लेटर म्हणजे खरेदीखत. काम करण्याचा हक्क म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. या दोन्हींच्या मधला फेरफार कोण करतं, कधी करतं आणि तो चुकला तर काय होतं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

अमेरिकेत शिकायला जाणारा बहुतेक विद्यार्थी एफ-१ व्हिसावर जातो. पासपोर्टवरचा तो शिक्का म्हणजे दारावरची चिठ्ठी, आत सोडण्यापुरती. आत गेल्यावर खरी किंमत आय-२० नावाच्या कागदाची. तो कॉलेज देतं, आणि त्यावरचा मजकूर ‘सेव्हिस’ या सरकारी संगणक नोंदवहीत असतो. त्या वहीत हात घालण्याचा अधिकार कॉलेजातल्या ठरावीक कर्मचाऱ्यांनाच असतो. त्यांना डीएसओ म्हणतात. पगार कॉलेजचा, पण वही सरकारची. मला हा माणूस आपल्या तलाठ्याच्या जवळचा वाटतो, फक्त ई-मेलला उत्तर देणारा.

कॉलेजच्या आवारातलं काम सगळ्यात सोपं. मेसमध्ये ताटं उचलणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्राध्यापकाचे पेपर तपासणं, यांना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. दोन ठिकाणी काम केलं तर २० ही दोन्हींची बेरीज, प्रत्येकी नव्हे. बाहेरच्या पेट्रोल पंपावरचं किंवा मोटेलातलं काम यात बसत नाही, मालक गाववाला असला तरी आणि पैसे रोख दिले तरी. इंटर्नशिप ही आवाराबाहेरची गोष्ट, म्हणून तिला वेगळा दरवाजा. असे दरवाजे मुख्यतः दोन: शिक्षण चालू असतानाचा सीपीटी आणि बहुधा पदवीनंतर वापरला जाणारा ओपीटी.

सीपीटी म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग. यातला ‘करिक्युलर’ हा शब्द नुसता शोभेचा नाही. काम अभ्यासक्रमाचा भाग असलं पाहिजे. एक तर पदवीसाठी इंटर्नशिप सक्तीची असावी, नाही तर तिला क्रेडिट देणारा एखादा विषय असावा आणि विद्यार्थ्याने त्यात नाव घातलेलं असावं. म्हणून उन्हाळ्यात कंपनीत राबणारी मुलं त्याच वेळी कॉलेजला एका विषयाची फी भरत असतात. घरच्यांना हे विचित्र वाटतं, पगार घ्यायचा आणि वर फीही भरायची. पण त्या विषयामुळेच ते काम कायद्याच्या नजरेत शिक्षण ठरतं.

दुसरी अट वेळेची. साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकून झाल्याशिवाय सीपीटी मिळत नाही. ऑगस्ट ते डिसेंबर एक सत्र, जानेवारी ते मे दुसरं, वर्ष झालं. आपली मुलगी मेअखेर कामाला लागू शकते ती यामुळे. जी जानेवारीत जाते, तिला त्याच वर्षीचा उन्हाळा बहुधा हुकतो. प्रवेशाचं सत्र निवडताना हे फारसं कुणी सांगत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमातच पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष काम सक्तीचं असेल तर या अटीला अपवाद आहे. ‘डे वन सीपीटी’ म्हणून काही कॉलेजं याच अपवादाची जाहिरात करतात. नियमात जागा आहे हे खरं, पण पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी याच मुलांना सरकार सगळ्यात जास्त प्रश्न विचारतं. मी माझ्या घरच्या मुलाला त्या वाटेने पाठवणार नाही.

आता फेरफार प्रत्यक्ष कसा होतो ते पाहा. मुलगी ऑफर लेटर डीएसओकडे देते. त्यात कंपनीचं नाव, कामाचा पत्ता, आठवड्याचे तास, सुरुवातीची आणि शेवटची तारीख आणि कामाचं वर्णन असावं लागतं. विभागातला सल्लागार प्राध्यापक लिहून देतो की हे काम तिच्या अभ्यासाशी जोडलेलं आहे. डीएसओ सेव्हिसमध्ये नोंद करतो आणि नवा आय-२० निघतो. त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव आणि तारखा छापलेल्या असतात. झालं. सरकारकडे वेगळा अर्ज नाही, सरकारची फी नाही, कार्ड नाही. पण परवानगी त्याच कंपनीपुरती आणि त्याच तारखांपुरती. पानावर १ जून असेल आणि साहेब म्हणाला, ‘२८ मेला ओरिएंटेशनला येऊन बस’, तर जाऊ नये. ऑगस्टमध्ये कंपनीने ‘अजून दोन आठवडे थांब’ म्हटलं, तर आधी नवा आय-२०, मग थांबणं.

आठवड्याला २० तासांपर्यंतचं काम अर्धवेळ, त्यावरचं पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली, तर त्या पदवीवरचा ओपीटीचा हक्क जातो. एका उन्हाळ्याच्या बारा आठवड्यांनी काही बिघडत नाही.

‘पगारच घेत नाही, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. एखाद्या धर्मादाय संस्थेत, जिथे ते काम एरवीही सगळे फुकटच करतात, तिथली सेवा वेगळी. पण ज्या कामाचे दुसऱ्याला पैसे मिळतात ते आपण फुकट केलं, म्हणून ते काम राहत नाही असं नाही. टेक्सासच्या खोलीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करायचं असेल, तरीही आधी डीएसओला विचारावं.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकायला गेले, तेव्हा पोटासाठी मजुरी करत शिकता येत होतं. आज तीच मजुरी विद्यार्थ्याला घरी पाठवू शकते. विनापरवाना काम केलं की एफ-१ चा दर्जा मोडतो. इतर काही चुकांसाठी दर्जा पुन्हा मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्या अर्जाची एक अटच अशी आहे की विनापरवाना काम केलेलं नसावं. म्हणजे नेमक्या या चुकीला ती वाट बंद.

पदवी झाल्यावरचा दरवाजा ओपीटीचा, म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंगचा. प्रत्येक वरच्या पदवीला बारा महिने. इथे डीएसओची फक्त शिफारस. निर्णय यूएससीआयएस या सरकारी खात्याचा. आय-७६५ नावाचा अर्ज, आणि एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ऑनलाइन भरला तर ४७० डॉलर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हिशेबाने साडेसात क्विंटलच्या वर सोयाबीन या एका अर्जात जातं. अर्ज मंजूर झाला की ईएडी नावाचं फोटोचं कार्ड येतं. कार्ड हातात आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडलेली, या दोन्ही गोष्टी होईपर्यंत काम सुरू करायचं नाही.

मुलं पडतात ती इथल्या तारखांत. समजा, शिक्षण संपण्याची तारीख १५ मे २०२७ आहे. अर्ज आधीच्या ९० दिवसांपासून करता येतो, म्हणजे १४ फेब्रुवारीपासून. शेवट नंतरच्या ६० व्या दिवशी, म्हणजे १४ जुलैला. त्या दिवसापर्यंत अर्ज खात्याला पोहोचलेला हवा, नुसता निघालेला नव्हे. शिवाय डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस टाकली की तीस दिवसांत अर्ज गेला पाहिजे. हे तीस दिवस अनेकांच्या ध्यानातच येत नाहीत. शिफारस लवकर मागून ठेवतात आणि परीक्षेच्या धांदलीत महिना उलटतो. सुरुवातीची तारीख स्वतः निवडायची असते, पण तीही त्याच साठ दिवसांतली. आणि त्या तारखेपासून बेकारीचं घड्याळ सुरू होतं. सगळे मिळून ९० दिवस काम नसताना चालतं. रविवारही मोजला जातो. म्हणून हाती नोकरी नसेल तर पुढची तारीख निवडणं शहाणपणाचं.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातली पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळतात. ही सवलत २००८ मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६ मध्ये २४ ची झाली. तिच्याविरुद्ध अमेरिकेतल्या एका कामगार संघटनेने खटला भरला होता. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने सवलत उचलून धरली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. या मुदतीत मालक ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेला हवा, पगार द्यावाच लागतो, आणि आय-९८३ या फॉर्मवर काय शिकवणार, देखरेख कोण करणार हे मालकाने सही करून लिहून द्यायचं. बेकारीची मर्यादा एकूण १५० दिवसांपर्यंत जाते.

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते आणि त्यांतले ९७,५५६ ओपीटीवर. एवढी गर्दी जमली की मधले लोक तयार होतातच. ‘नव्वद दिवस संपत आलेत? आमच्या कंपनीत नाव दाखवू’ असं म्हणणाऱ्या कन्सल्टन्स्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सर्रास फिरतात. काम नाही, पगार नाही, फक्त कागदावर नोकरी. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतावर पीकविमा काढणारे सापडतात तसाच हा प्रकार. मूळ कंपनीवर छापा पडला की तिच्या यादीतलं प्रत्येक नाव चौकशीत येतं.

पहिली पगाराची स्लिप मात्र निवांत बसून वाचावी. एफ-१ वरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो, आणि तोवर त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. कंपनीच्या पगार विभागाला हे ठाऊक नसलं तर ते कापून मोकळे होतात. मागितले तर परत मिळतात. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या खास फायद्याची: भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर अनिवासींना सहसा मिळत नाही.

इतर देशांत हिशेब वेगळा आहे. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेतही पाटी बदलते आहे: विद्यार्थ्याला शिक्षण संपेपर्यंत राहू देण्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत घालण्याचा प्रस्ताव सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. त्यामुळे मागच्या बॅचच्या दादाचा सल्ला ऐकावा, पण अर्जाच्या दिवशी कॉलेजच्या कचेरीत पुन्हा विचारावं.

आणि जुने आय-२० फेकू नयेत. नवा निघाला की जुना रद्दी, असं मुलांना वाटतं. चार-पाच वर्षांनी एच-१बी च्या अर्जात खातं विचारतं, ‘त्या उन्हाळ्यात कुणाच्या परवानगीने काम केलंत?’ तेव्हा ते दुसरं पान काढून द्यावं लागतं. शिरपूरच्या घरात लोखंडी पेटी असेलच. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्याच्या आधीचे, ‘जिल्हा अकोला’ लिहिलेले सातबारे वडिलांनी अजून त्यात जपले असतील. पोरीच्या कागदांची एक प्रत तिथेच ठेवायला सांगा.